दोन आया, दोन भिंती: माक्सो वान्काची भित्तिचित्रं कशी वाचायची?

अमेरिकेत पिट्सबर्ग शहराजवळ, अ‍ॅलेगनी नदीच्या पलीकडे मिलव्हेल नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या सेंट निकोलस या क्रोएशियन कॅथलिक चर्चच्या भिंतींवर आणि छतावर मिळून 25 भित्तिचित्रं आहेत. ती काढली माक्सिमिलियान (माक्सो) वान्का या क्रोएशियन चित्रकाराने, 1937 आणि 1941 अशा दोन टप्प्यांत. मी विज्ञानाचा विद्यार्थी आहे, कलेचा नाही. चर्चही मी छायाचित्रांतूनच पाहिलंय, त्यामुळे रंगांची छटा आणि आकारमान यांबद्दल बोलणार नाही. पण पुराव्यावरून अर्थ कसा काढायचा आणि कुठे थांबायचं, हे शिकायला ही चित्रं फार चांगली आहेत.

आधी चरित्र, पण सावधपणे

वान्काचा जन्म 1889 मध्ये झाग्रेबला झाला. आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं. ते उमराव घराण्यातले होते अशी वदंता होती. मूल एका शेतकरी बाईकडे सोपवलं गेलं आणि त्याची पहिली वर्षं झागोर्ये भागातल्या खेड्यात गेली. पुढे झाग्रेब आणि ब्रुसेल्सला कलाशिक्षण, पहिल्या महायुद्धात बेल्जियन रेडक्रॉसचं काम, मग झाग्रेबच्या कला अकादमीत प्राध्यापकी. अमेरिकन पत्नीसोबत 1934 मध्ये तो अमेरिकेत आला. 1963 मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावर समुद्रात बुडून गेला.

आता मोह काय होतो बघा. शेतकरी बाईने वाढवलं, म्हणून चित्रांत शेतकरी आया. युद्ध पाहिलं, म्हणून युद्धविरोध. सगळं कसं चपखल बसतं! पण ज्या चरित्रातून कुठलंही चित्र 'समजावता' येतं, त्यातून खरं तर काहीच समजत नाही. युद्ध पाहिलेल्या शेकडो चित्रकारांनी नंतर फुलदाण्या रंगवल्या. चरित्र फार तर एक गृहीतक देतं. ते तपासायचं भिंतीवर.

तुलना चित्रकारानेच मांडून ठेवलीय

1937 मध्ये चर्चचे धर्मगुरू फादर अल्बर्ट झागर यांनी वान्काला बोलावलं. सुमारे आठ आठवड्यांत, बरंचसं रात्री जागून, त्याने पहिला टप्पा पुरा केला. त्यातली दोन चित्रं समोरासमोर आहेत. एकाचा विषय: क्रोएशियन आई मुलाला युद्धासाठी वाढवते. दुसऱ्याचा: स्थलांतरित आई मुलांना अमेरिकी उद्योगासाठी वाढवते. पहिल्यात पांढऱ्या शोकवस्त्रांतल्या बायका मेलेल्या सैनिकाभोवती जमल्यात. दुसऱ्यात मेलेल्या कामगाराभोवती शोक चाललाय आणि मागे उद्योगनगरीचा देखावा आहे.

प्रयोगाच्या भाषेत सांगायचं तर हा कंट्रोल आहे. आई तीच, प्रेत तेच, रडणं तेच. बदललेला घटक एकच: मुलाला मारलं कुणी. असं मांडल्यावर निष्कर्ष बघणारा स्वतःच काढतो, की हजारो मैल ओलांडून आलो पण मुलं मरायची थांबली नाहीत. हे वाक्य भिंतीवर कुठेही लिहिलेलं नाही. आणि समोर बसणारे लोक कोण होते? पोलाद आणि कोळशाच्या या पट्ट्यात राबणारी कुटुंबं. त्यांच्यासाठी हे रूपक नव्हतं, शेजारच्या घरातली बातमी होती.

ही जोडी योगायोग नाही, कशावरून? कारण हाच ढाचा पुन्हा पुन्हा येतो. वेदीच्या एका बाजूला मायदेशी शेतात प्रार्थना करणारे क्रोएशियन, तर दुसऱ्या बाजूला मिलव्हेलचे क्रोएशियन आणि चर्चची प्रतिकृती अर्पण करणारे फादर झागर. 1941 च्या टप्प्यात साध्या कुटुंबाचं जेवण आहे आणि त्याच्या जोडीला शेअर बाजाराचा अहवाल वाचत एकटाच भरल्या ताटावर बसलेला भांडवलदार. न्यायाच्या तराजूत भाकरी जड, अन्यायाच्या तराजूत सोनं जड. एकदा दिसलं तर निरीक्षण, चार ठिकाणी दिसलं तर पद्धत.

मला न पटलेलं

1941 ची सगळी चित्रं सारखी ताकदीची वाटत नाहीत. एप्रिल 1941 मध्ये जर्मनी, इटली वगैरे राष्ट्रांनी युगोस्लाव्हियावर आक्रमण केलं होतं. त्या वर्षीच्या चित्रांत आवाज चढलाय. भांडवलदाराचं चित्र तर वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रासारखं आहे. बघितलं की कळतं, कळलं की संपतं. दोन आयांच्या जोडीत निष्कर्ष आपल्याला काढावा लागत होता, इथे तो तयार हातात मिळतो.

पण त्याच टप्प्यातली 'अन्याया'ची आकृती मात्र डोक्यातून जात नाही, कारण तिच्या चेहऱ्यावर गॅस मास्क आहे. न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी असते, ती निःपक्षपाती म्हणून. गॅस मास्क घालणारी आकृती बघतेय सगळं, फक्त हवा विषारी आहे हे तिला ठाऊक आहे आणि तिने स्वतःपुरती सोय केलीय. चेहरा झाकूनही ती भांडवलदारापेक्षा जास्त बोलते.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. शीर्षक म्हणतं आई मुलांना 'वाढवते', पण चित्रात ती फक्त रडते. या वस्त्यांमधल्या बायका घरात खाणावळी चालवत, भाडेकरू कामगारांचं रांधणं-धुणं करत. ते काम या शोकचित्रांतून गायब आहे. मात्र वान्काला ते दिसतच नव्हतं, असंही म्हणता येत नाही. वेदीवरची भव्य मेरी पाहा: क्रोएशियन शेतकरी बाईचा पेहराव आणि कष्टाने राठ झालेले हात. संतांच्या चित्रांत हात सहसा मऊ, निमुळते असतात. इथे देवाच्या आईने आयुष्यभर काम केलंय. माझ्या मते सगळ्या चर्चमधलं सर्वांत धीट विधान ते हात आहेत, भांडवलदाराचं ताट नाही.

भूत आणि मीठ

या चित्रांना प्रसिद्धी मिळाली ती मात्र भुतामुळे. रात्री काम करताना वेदीपाशी धर्मगुरूच्या वेशातली आकृती दिसते, असं वान्का सांगे. त्याचा मित्र, लेखक लुई अ‍ॅडॅमिक याने ही हकीकत 1938 मध्ये 'हार्पर्स'मध्ये छापली. याच अ‍ॅडॅमिकने आधी वान्काच्या आयुष्यावर बेतलेली कादंबरी लिहिली होती. म्हणजे हा स्रोत जवळचा आहे, पण गोष्ट रंगवण्यात मुरलेलाही आहे. दोन्ही नोंदी एकाच वेळी ठेवायच्या. भूत खरं की खोटं, यावर चित्रांबद्दलचा एकही निष्कर्ष अवलंबून नाही. मग प्रबंधात त्याला एक परिच्छेद पुरे.

चित्रांना खरा त्रास दिला तो मिठाने. पाणी भिंतीत झिरपलं की विटा आणि गिलाव्यातले क्षार विरघळतात. ओल पृष्ठभागाकडे येऊन सुकते आणि क्षारांचे स्फटिक मागे उरतात. ते वाढताना रंगाचा थर आतून ढकलतात. पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं, रंग पोपडे धरून सुटतो. अलीकडच्या वर्षांत तिथे हे क्षार आणि साचलेली काजळी काढण्याचं जतनकाम चाललंय. क्रम महत्त्वाचा: आधी पाण्याची वाट बंद करायची, मग क्षार काढायचे. उलट केलं तर पुन्हा तेच. आणि काजळी उद्योगनगरीतलीच. ज्या धुरात मुलं मेल्याचं चित्र काढलं, तोच धूर चित्रावर बसला. हे वाक्य टाळीचं आहे, हे मला कळतं, पण काजळीच्या रासायनिक विश्लेषणाशिवाय ते वाक्यच राहील, निष्कर्ष होणार नाही.

रिसर्च प्रपोजल लिहायला बसाल तेव्हा हाच फरक कागदावर दोन रकान्यांत मांडा: भिंतीवर दिसतं ते एका बाजूला, आपल्याला म्हणावंसं वाटतं ते दुसऱ्या बाजूला. वान्काच्या बाबतीत माझ्या पहिल्या रकान्यात दोन आया, एक गॅस मास्क आणि मेरीचे हात आहेत. तेवढ्यावरही बरंच लिहिता येतं.