‘मार्फत’ आणि मालकी : कंत्राटी मजुराच्या व्याख्येची चिकित्सा

भोर तालुक्यातील, किंवा आता राजगड हे नाव मिळालेल्या वेल्हे तालुक्यातील, एखादा तरुण नीरेपलीकडे शिरवळच्या कारखान्यात कामाला जातो. काम कोठे, असे विचारले तर तो कारखान्याचे नाव सांगतो. पगार कोण देतो, असे विचारले तर ‘ठेकेदार’ म्हणतो. मग तो कोणाचा? मजूर पुरविणाऱ्या एजन्सीचा, की कारखान्याचा? प्रश्न वरकरणी षष्ठी विभक्तीचा आहे. परंतु काम सुटल्यावर दाद कोणाकडे मागावयाची, हे या विभक्तीवरच ठरते.

१९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमाची व्याख्या या दृष्टीने चिंत्य आहे. कंत्राटदाराने अथवा त्याच्यामार्फत, मुख्य मालकाच्या माहितीने अथवा माहितीवाचून, जो आस्थापनेच्या कामासाठी घेतला गेला, तो त्या कामावर कंत्राटी मजूर म्हणून असल्याचे समजावे, असा तिचा आशय. ‘कंत्राटदाराने घेतला’ म्हटले की कंत्राटदार कर्ता ठरतो. ‘कंत्राटदारामार्फत घेतला’ म्हटले की तो मध्यस्थ ठरतो आणि कर्ता पडद्याआड राहतो. ‘मार्फत’ या मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘ओळख, ज्ञान’ असा आहे. व्याख्येला मात्र मालकाच्या ज्ञानाचीही अपेक्षा नाही. दोन भिन्न संबंध ‘अथवा’ने जोडून तिने मजुराचे स्थान सांगितले, स्वामी सांगितला नाही, सप्तमी दिली, षष्ठी दिली नाही. या व्यापकतेमुळे कंत्राटदाराने वेतन बुडविल्यास ते देण्याचा भार मुख्य मालकावर टाकता आला, हा तिचा गुण मान्य केला पाहिजे.

वगळलेली षष्ठी न्यायालयांना शोधावी लागली. १९७८ साली हुसेनभाई खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी मजुराच्या उपजीविकेवर ज्याचे आर्थिक नियंत्रण, तोच खरा मालक मानला. २००१ च्या स्टील अथॉरिटी खटल्यात कंत्राटपद्धती बंद झाली तरी मजूर आपोआप मुख्य मालकाचा होत नाही, असे ठरले. कंत्राट निव्वळ देखावा असल्यास गोष्ट वेगळी. त्याच वर्षीच्या सिप्ला खटल्यानुसार, नातेच वादग्रस्त असेल तर महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित श्रमप्रथाविषयक कायद्याखाली तक्रार चालत नाही. म्हणजे न्याय मागण्यापूर्वी मजुराने आपली षष्ठी सिद्ध करावयाची.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने (२०२०) व्याख्येला एक अपवाद जोडला आहे. जो एजन्सीच्या नियमित नोकरीत आहे, ज्याच्या सेवाशर्ती परस्परमान्य आहेत, ज्याला ठरावीक काळाने वेतनवाढ व सामाजिक सुरक्षा मिळते, तो कंत्राटी मजूर नव्हे. नुसत्या हजेरीपत्रकाने ‘आपला माणूस’ होत नाही, भार उचलल्याने होतो, हे तत्त्व यात व्याख्येत आले. परंतु ‘परस्परमान्य’ हे विशेषण दुबळे आहे. ठेकेदाराने पुढे केलेल्या कागदावर अंगठा वा सही करणाऱ्याची मान्यता किती परस्पर असते, हे संहिता सांगत नाही.

१९६९ च्या माथाडी कायद्याने निराळी वाट काढली होती. तेथे मजुराची नोंद मंडळाकडे होते, मालक मजुरी व लेव्ही मंडळाकडे भरतो आणि मंडळामार्फत ती मजुराला पोचते. तेथे ‘मार्फत’चा अर्थ ‘मार्फत’ एवढाच राहतो. त्याआड कोणी लपत नाही. शिरवळच्या वाटेवरील मजुराला हवी आहे ती हीच अर्थनिश्चिती. एजन्सीने मालकाचे सर्व भार उचलले असतील, तरच तो एजन्सीचा. नसतील, तर ज्याच्या यंत्रावर तो उभा आहे, त्याचा.