पॉल क्लेची रोजनिशी आणि शैलीचा शोध

कलावंताने स्वतःच्या निर्मितीविषयी केलेले चिंतन समीक्षेला जितके उपकारक, तितकेच चकवणारेही असते. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला चित्रकार पॉल क्ले (१८७९–१९४०) याची रोजनिशी या दृष्टीने अभ्यसनीय आहे. १८९८ ते १९१८ या काळातील ही रोजनिशी त्याच्या मृत्यूनंतर, १९५७ साली, त्याच्या पुत्राने प्रसिद्ध केली. तीतील एप्रिल १९१४ मधील एक नोंद विशेष गाजली. ट्युनिशियातील कैरुआन येथे आपले रंगाशी अद्वैत झाले आणि आपण खऱ्या अर्थाने चित्रकार ठरलो, असा तिचा आशय आहे. शैली ही एखाद्या साक्षात्काराच्या क्षणी गवसते, या समजुतीला या नोंदीने मोठाच आधार पुरविला.

परंतु रोजनिशीतील त्याआधीच्या नोंदी व त्या काळातील चित्रे एकत्र ठेवून पाहिली, म्हणजे निराळेच चित्र उभे राहते. वादक घराण्यात वाढलेला आणि स्वतः व्हायोलिन वाजविणारा क्ले म्युनिकमध्ये फ्रांझ फॉन श्टुक याच्या हाताखाली शिकला. १९०१-०२ मध्ये त्याने इटलीचा प्रवास केला. तेथील अभिजात कलेचे वैभव पाहून उत्साह वाढण्याऐवजी आपल्याला नव्याने आरंभ केला पाहिजे, ही जाणीव त्याला झाली. पुढे त्याने रंग जवळजवळ बाजूलाच ठेवला. १९०३ ते १९०५ या काळात धातूच्या पत्र्यावर उपरोधपूर्ण आकृती कोरून त्यांचे ठसे काढले. काळ्या केलेल्या काचेवर सुईने रेषा ओढून पाहिल्या. आणि नंतर केवळ छायाप्रकाशाच्या पायऱ्यांनी जलरंगचित्रे केली. एका वेळी एकच प्रश्न हाती घ्यावयाचा, ही त्याची रीत होती. रंगाचा प्रश्नही कैरुआनपूर्वीच उपस्थित झाला होता. १९१२ साली पॅरिसमध्ये तो रोबेर दलोने याला भेटला आणि प्रकाशाविषयीच्या त्याच्या लेखाचा त्याने जर्मन अनुवाद केला. ट्युनिशियातील जलरंगांत दिसणारी रंगीत चौकटींची रचना या तयारीवाचून संभवली नसती. आउगुस्ट माके व लुई म्वाये यांच्यासह झालेला तो प्रवास जेमतेम पंधरवड्याचा होता. त्यामागील साधना मात्र दशकाहून अधिक काळाची होती.

मग रोजनिशीतील नोंद असत्य मानावी काय? क्लेने आपल्या नोंदी पुढे स्वतःच निवडून, काटछाट करून नव्याने लिहून काढल्या होत्या. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या चिकित्सक आवृत्तीमुळे हे संस्करण बारकाईने तपासता येते. तथापि तेवढ्यावरून त्याला अप्रामाणिक ठरविणे उतावीळपणाचे होईल. १९११ च्या फेब्रुवारीत त्याने स्वतःच्या कृतींची सूची करण्यास आरंभ केला. तीत बालपणीची काही रेखाटने त्याने आवर्जून समाविष्ट केली, परंतु शालेय शिस्तीतले अभ्यास वगळले. सूचीतील ही निवड आणि रोजनिशीचे पुनर्लेखन ही वस्तुतः एकाच वृत्तीची दोन रूपे होत. प्रयोग पुष्कळांच्या हातून घडतात; त्यांतील आपला कोणता, हे मागे वळून ओळखण्याची शक्ती थोड्यांच्या ठायी असते. कैरुआनचा क्षण हा शोधाचा नसून या ओळखीचा क्षण आहे.

ही ओळखही अंतिम नव्हती. १९२१ ते १९३१ या काळात बाउहाउस येथे अध्यापन करताना क्लेला आपली रीत इतरांपुढे तर्कशुद्धपणे मांडावी लागली. १९३३ साली नाझी राजवटीने त्याला ड्युसेलडोर्फ येथील अध्यापकपदावरून दूर केले, आणि १९३५ पासून दुर्धर आजाराने गाठले. अशा स्थितीत १९३९ या एका वर्षात त्याने बाराशेहून अधिक कृती केल्या. त्यांतील जाड, काळ्या, तुटक रेषांचे कैरुआनच्या कोवळ्या जलरंगांशी बाह्यतः काहीच साम्य नाही. शैली म्हणजे बाह्य लकबींचा संच मानला, तर हा चित्रकार शैलीहीन ठरेल. ती प्रश्न हाताळण्याची रीत मानली, तरच या दोन टोकांना जोडणारा धागा दिसतो: रेषेला, छायेला व रंगाला स्वतंत्रपणे बोलते करून मगच त्यांचा मेळ घालणे.

महाराष्ट्रातील चित्रकलेच्या अभ्यासकालाही हा विचार दूरचा नाही. वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांना क्लेच्या चित्रांची ओढ होती, व त्यांच्या प्रारंभीच्या कृतींत ती उघड दिसते. पुढे त्यांनी आकृतीचाच त्याग केला. यास प्रथम अनुकरण व नंतर मुक्ती, असे म्हणणे सोपे आहे. परंतु क्लेपासून काय घ्यावयाचे नाही, हे क्लेच्या सहवासातच त्यांना उमगले असणे अधिक संभवनीय वाटते. कलावंताच्या आत्मचिंतनाचे मोल याच ठिकाणी आहे. शैली केव्हा सापडली, याचा पुरावा म्हणून ते अपुरे पडते. कलावंताने स्वतःचे म्हणून काय स्वीकारले व काय नाकारले, याचा पुरावा म्हणून मात्र त्याला पर्याय नाही. नवोदित चित्रकाराने क्लेची रोजनिशी वाचून कैरुआनची वाट पाहत बसू नये. त्याआधीची काळ्या काचेवरील वर्षे वाचावीत.