हेरिंग आणि हिशेबाची वही

बिल नॉटन यांच्या ‘स्प्रिंग अँड पोर्ट वाइन’ची चर्चा नेहमी त्या हेरिंग माशाभोवती फिरते. १९७०चा जेम्स मेसन यांचा चित्रपटही त्यामुळेच लक्षात राहतो. बोल्टनमधले गिरणी कामगाराचे घर. हिल्डा ताटातला मासा खायला नकार देते आणि बाप रेफ क्रॉम्प्टन फर्मावतो की, ती खाईपर्यंत प्रत्येक जेवणाला तोच मासा तिच्यापुढे यावा. मला मात्र या नाटकाचे मर्म माशात नव्हे, हिशेबाच्या वहीत दिसते.

शुक्रवार पगाराचा. कमावती मुले घरखर्चाचे पैसे देतात, डेझी आठवड्याची वही नवऱ्यापुढे धरते. बेरीज जुळत नसेल तर ती जुळवते! रेफ व्यसनी नाही, आळशी नाही. त्यामुळे त्याच्याविरुद्ध बोलायला कुणाला जागाच उरत नाही. कर्जाने आई कशी खचली, हे त्याने लहानपणी पाहिले आहे. ज्या भीतीपोटी त्याने घर सावरले, तीच भीती बायकोला खोटे हिशेब लिहायला लावते. आणि उधारीला पाप मानणाऱ्या या घरात डेझी लेकीसाठी गहाण टाकते तो नेमका रेफचाच ओव्हरकोट.

नॉटन बोल्टनमध्येच वाढले; त्यांनी विणकाम केले, कोळशाची पोती भरली, ट्रक चालवला. पैशांची ही ओढाताण त्यांना आतून ठाऊक आहे. म्हणूनच शेवट मला खटकतो. रेफ मन मोकळे करतो आणि मुलांचा राग विरघळतो. इतकी वर्षे धास्तावून बेरजा जुळवणाऱ्या डेझीला मात्र कुणी काही विचारत नाही.