अभिप्राय आणि तक्रार : एका प्रशासकीय पूरक साधनाच्या निमित्ताने

वापरणाऱ्याने एखाद्या साधनाविषयी जे कळवावयाचे, त्यासाठी मराठीत दोन शब्द सहज हाताशी येतात : 'अभिप्राय' आणि 'तक्रार'. पहिला संस्कृतातला असून तेथे त्याचा प्रमुख अर्थ 'मनातील हेतू' असा आहे. दुसरा अरबीतून फारसीच्या वाटेने आला. मूळ अरबीत त्याचा अर्थ 'पुनरावृत्ती' असा होतो. मराठीत पहिला मुख्यतः 'मत' या अर्थी व दुसरा 'गाऱ्हाणे' या अर्थी रूढ झाला. शब्दांचे अर्थ पालटतात यात नवल नाही. परंतु संगणकीय साधनांवर येणारे अभिप्राय तपासू लागले असता, या शब्दांचे जे अर्थ झिजून गेले नेमके तेच त्या लेखनात हवे असतात, असे दिसून येते.

उदाहरणादाखल एक साधन घेऊ. मायक्रोसॉफ्टचे 'टीम फाउंडेशन सर्व्हर' 2006 साली बाजारात आले. 2018 साली त्याचे नाव पालटून 'अ‍ॅझ्युअर डेव्हऑप्स सर्व्हर' असे झाले. प्रणाली लिहिणाऱ्या गटाचे सर्व काम एका ठिकाणी ठेवणे हा त्याचा उद्देश होता. प्रत्यक्षात मात्र कामाच्या नोंदी व मूळ संहिता एका विभागात, कागदपत्रे 'शेअरपॉइंट' या दुसऱ्या प्रणालीत आणि अहवाल तिसऱ्या प्रणालीत, अशी वाटणी होती. गटात नवा माणूस आला की तिन्ही ठिकाणी त्याला निरनिराळी परवानगी द्यावी लागे. ही दगदग वाचविण्यासाठी एक पूरक साधन तयार झाले व 'कोडप्लेक्स' या भांडारात ते विनामूल्य उपलब्ध होते. तिन्ही ठिकाणच्या परवानग्या एकाच खिडकीतून देता याव्यात, एवढेच त्याचे काम. कोडप्लेक्स 2017 साली बंद झाले. तथापि अशा साधनांचा वर्ग आजही नांदता आहे, आणि त्यांच्यावर येणाऱ्या अभिप्रायांचा नमुनाही तोच आहे. 'चालत नाही' हे त्यातील सर्वांत परिचित वाक्य होय.

या वाक्यावर टीका पूर्वीच झालेली आहे. सायमन टॅथम यांनी दोष कसे कळवावेत यावर 1999 साली लिहिलेला निबंध या क्षेत्रात सर्वश्रुत आहे. दोष प्रणालीकाराला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता यावा अशा रीतीने कळविला पाहिजे, हे त्याचे सार. म्हणजे तक्रार ही मूळ अर्थाने 'तक्रार', पुन्हा घडवून आणता येण्याजोगी, असावी. 1998 साली मोझिला प्रकल्पासाठी तयार झालेल्या 'बगझिला' या नोंदवहीतही हीच कसोटी दिसते. तक्रार निकालात काढताना द्यावयाच्या शेऱ्यांत 'वर्क्स फॉर मी', म्हणजे 'माझ्याकडे चालते', असा एक शेरा होता. सांगितलेली गोष्ट पुन्हा घडली नाही, तर तिचा निकाल असा लागे.

ही कसोटी बहुतेक ठिकाणी योग्यच आहे. परवानग्यांच्या साधनाला मात्र ती लागू पडत नाही. येथे तक्रार तपासणारा माणूस बहुधा सर्वाधिकारी असतो. ज्या दारावर नवख्याला अडविले जाते ते दार त्याच्यापुढे आपोआप उघडते. 'माझ्याकडे चालते' हे त्याचे म्हणणे खरे असते, आणि म्हणूनच निरुपयोगी असते. जे कृतीने पुन्हा घडविता येत नाही ते वाक्याने पोहोचविणे भाग पडते. व्याकरणाचा प्रश्न येथे उपस्थित होतो.

पुढील चार वाक्ये पाहा : 'अहवाल उघडत नाही.' 'मला अहवाल उघडता येत नाही.' 'मला अहवाल उघडवत नाही.' 'मला अहवाल उघडू देत नाही.' पहिल्यात क्रियापद अकर्मक असून दोष वस्तूकडे जातो. दुसऱ्यात असमर्थता बोलणाऱ्याची आहे. मग ती अज्ञानाने असो वा साधनाच्या अभावी. तिसऱ्यातील शक्य क्रियापद कर्त्याच्या देहाची वा मनाची शक्ती पाहते, म्हणून ते येथे विनोदी ठरते. चौथ्यात परवानगीचा निर्देश आहे, आणि न देणारा कोणी तरी आहे हेही त्यात गृहीत आहे. इंग्रजीतील 'कॅन नॉट' हा प्रयोग सामर्थ्य आणि परवानगी या दोहोंना एकाच पांघरुणाखाली घेतो. पुण्यासारख्या शहरात मराठी भाषक या नोंदी इंग्रजीत लिहितात, तेव्हा घरच्या भाषेत सहज साधलेला हा भेद वाटेतच गळून जाण्याचा संभव असतो. अर्थात मराठीचा फार अभिमान बाळगण्याचेही कारण नाही. 'देत नाही' याचा कर्ता चौथ्या वाक्यातही अध्याहृतच आहे, आणि तीन प्रणालींपैकी कोणती 'देत नाही', हाच तर सारा प्रश्न आहे.

तरीही सर्व दोष लिहिणाऱ्याच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. त्याच्यासमोर जे वाक्य येते ते बहुधा 'प्रवेश नाकारला' असे असते. या कर्मणी रचनेत नाकारणारा लुप्त आहे; वापरणारा आपल्या अभिप्रायात तिचेच अनुकरण करतो. कित्येकदा हा लोप हेतुपुरस्सर असतो. 'गिटहब'वरील खाजगी भांडार परक्याने मागितले असता '404', म्हणजे 'सापडले नाही', असे उत्तर मिळते. भांडार अस्तित्वात आहे हेही परक्यास कळू नये, हे त्यामागील कारण, आणि ते रास्त आहे. परंतु ज्याला परवानगी देण्याचे राहून गेले असा गटातला माणूसही तेथे परकाच ठरतो. तो प्रामाणिकपणे 'भांडार हरवले' असे कळवितो आणि अडाण्यात गणला जातो. वस्तुतः त्याने ऐकलेलेच सांगितलेले असते.

आणखी एक गोष्ट दृष्टीआड होते. प्रशासकीय साधन वापरतो प्रशासक. त्याचे फळ भोगतो दुसराच. साधनाबद्दल अभिप्राय देण्याचा प्रसंग येतो तो पहिल्यावर. खिडकी आटोपशीर आहे, वेळ वाचतो, असे तो लिहील आणि ते खरेही असेल. साधन चालविणाऱ्यालाही तिन्ही ठिकाणी अधिकार असावे लागतात. एका ठिकाणी ते नसले, तर नवा सभासद दोन ठिकाणी आत आणि तिसऱ्या ठिकाणी बाहेर राहतो. त्याचे काम खोळंबते, पण प्रशंसेच्या त्या ओळींत त्याला जागा नसते. असे अभिप्राय मोजून साधनाची प्रतवारी लावणे म्हणजे यजमानाला विचारून पाहुण्याचे पोट भरले असे ठरविण्यासारखे होय.

यावरून अशा अभिप्रायाची किमान अंगे सांगता येतील : मागणारा कोण व कोणत्या अधिकाराने मागत होता, कोणत्या ठिकाणी, काय करावयाचा त्याचा हेतू होता, आणि साधनाने कोणत्या शब्दांत उत्तर दिले. यांतील हेतू म्हणजे 'अभिप्राय' शब्दाचा जुना अर्थच. उरलेल्या अंगांवरून, सर्वाधिकार बाजूस ठेवून आणि त्या माणसाची भूमिका घेऊन, 'तक्रार' शब्दाचा जुना अर्थही साधता येतो. मत मागून सांगितले तरी चालेल. साधनकर्त्यांनीही निदान प्रशासकापुढे तरी नाकारणाऱ्याचे नाव वाक्यात घातले पाहिजे. तोवर, आपल्याला आत का येऊ दिले नाही हे ज्याला सांगता येत नाही, त्या नवख्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही.