पोकरची शिस्त आणि चार कषाय

आमच्या बेळगावच्या घरात पत्त्यांचा जोड कधी आला नाही. सप्तव्यसनांत पहिलं नाव द्यूताचं, हे सासूबाईंनी कुणाला बसवून शिकवलं नाही. ते घरात होतंच. त्याच घरात पुतण्यानं मोबाइलवर पोकर खेळून दोन पगार घालवले. मी बोलले, तेव्हा त्यानं मारिया कोन्निकोवा यांचं 'द बिगेस्ट ब्लफ' (2020) हातात ठेवलं. म्हणाला, "काकू, हा जुगार नव्हे, शिस्त आहे. आधी वाचा, मग रागवा."

वाचलं. पुस्तक चांगलं आहे, हे आधी सांगते. बाई मानसशास्त्राच्या डॉक्टर. जोडात पत्ते किती हेही ठाऊक नसताना एरिक सायडेल या मुरलेल्या खेळाडूकडे शिकायला गेल्या. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच. या सातांतून उत्तम पाच जमवायचे. खरं शिक्षण त्यापुढचं. बहुतेक डाव सुरुवातीलाच सोडायचे. नशिबानं कसं फसवलं ही रडकथा सुरू झाली की गुरू थांबवणार: निकाल राहू दे, निर्णय कसा घेतलास ते सांग. मला तर प्रतिक्रमणच आठवलं. पुरुषांनी भरलेल्या टेबलावर आपण उगाच माघार घेतो, हे त्यांच्या ध्यानात येतं तो भाग प्रत्येकीनं वाचावा. 2018 मध्ये बहामात त्यांनी स्पर्धा जिंकली. 84,000 डॉलरांहून जास्त मिळाले.

माझा आक्षेप इथून पुढे. कषाय चार. चिडून पैसे लावायचे नाहीत, इथे क्रोध आवरला. चूक माझी होती म्हणायचं, इथे मान उतरला. पण माया आणि लोभ? त्यांना हा खेळ कामाला लावतो. ब्लफ म्हणजे मायाच, ती तर शीर्षकातच बसलीय. जिंकलेला पैसा येतो समोरच्याच्या खिशातून. त्याच्या घरी काय झालं, तिथे लेखिका फारशी थांबत नाही. अर्धे कषाय जिंकून होणारी शिस्त हुशारी देईल, शांती नाही.

आणि लेखिकेनं निदान गुरू केला, अभ्यास केला, किरकोळ रकमेपासून सुरुवात केली. आमच्या पोरानं त्यातलं काय घेतलं? पुस्तक परत देताना विचारलं, "बाळ, दोन पगारांत तू डाव सोडलेस किती?"

"आठवत नाही, काकू."

"मग शिस्त कसली रे?"