जगज्जेते, पण कोणत्या जगाचे?

अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनची, म्हणजेच एनबीएची, अंतिम लढत आटोपली की विजयी संघाच्या गळ्यात जगज्जेतेपदाची माळ पडते; आणि ती इतक्या सहजपणे पडते की घालणारा कोण, हे विचारायचे सहसा कुणाला सुचत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बुडापेस्ट येथे ते सुचले एका अमेरिकनालाच. नोआ लाइल्स या धावपटूने जागतिक स्पर्धेत तीन सुवर्णपदके पटकावली आणि पत्रकारांसमोर पृच्छा केली, की हे एनबीएवाले जगज्जेते कसले? बास्केटबॉलपटू त्याच्यावर तुटून पडले!

लाइल्सचा स्वर उद्धट असेल, पण प्रश्न मला बिनतोड वाटतो. प्रतिपक्षाचे म्हणणेही थट्टेवारी नेण्याजोगे नाही. २०२३-२४ च्या हंगामारंभी या लीगमध्ये चाळीस देशांचे सव्वाशे परदेशी खेळाडू होते. २०१९ पासून २०२५ पर्यंत सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान दरवर्षी अमेरिकेबाहेर जन्मलेल्यालाच मिळाला. ग्रीस, सर्बिया, कॅमेरून, कॅनडा ही त्यांची मायभूमी. उत्तमोत्तम खेळाडू जिथे एकवटतात, तिथला विजेता तोच जगाचा विजेता, असा हा युक्तिवाद आहे.

पण साऱ्या मुलखाचे सोने सराफकट्ट्यावर आले, म्हणून तिथला सराफ काही मुलखाचा राजा होत नाही. लीगमध्ये संघ तीस. एकोणतीस अमेरिकेतले आणि एक टोरोंटोचा. (२०१९ साली तोच जिंकला, तेव्हा त्या वर्षी निदान दोन देशांचे जेतेपद म्हणायला हरकत नाही.) माद्रिदच्या किंवा बेलग्रेडच्या क्लबाने युरोपात कितीही पराक्रम गाजवला, तरी त्याला हे दार बंदच. आपल्याकडच्या गामा पहिलवानाने १९१० साली लंडनला जाऊन 'या' म्हणून जाहीर आव्हान दिले होते. आव्हानच नको असलेल्या मल्लाला आखाड्यात काय म्हणतात, ते वाचकांना सांगायला नको.

दार कधी किलकिले झालेच नाही असे नाही. १९७८ साली वॉशिंग्टनचा विजेता संघ तेल अवीवला गेला आणि मक्काबीकडून एका गुणाने हरला. तो नुसता मैत्रीचा सामना होता, हे खरे. पुढे १९८७ ते १९९९ या काळात मॅकडोनाल्ड्सच्या नावाने क्लबांची स्पर्धा भरे, तिथे एनबीएचेच संघ जिंकत राहिले. आजही बहुधा तेच जिंकतील. पण 'लढला असता तर जिंकला असता' या बोलीवर पदवी कशी द्यावी?

२०२३ च्या सप्टेंबरात मनिला येथे एनबीएच्या खेळाडूंनी भरलेला अमेरिकेचा संघ जर्मनीपुढे १११-११३ असा हरला आणि अखेर चौथा आला. ती राष्ट्रांची स्पर्धा, हिशेब वेगळा. परंतु जर्मनीने तिथे मिळवलेले जगज्जेतेपद पात्रतेच्या वाटेने आलेल्यांना हरवून मिळवलेले होते.

मला खुपते ते निराळेच. सोंबोर गावचा निकोला योकिच बेलग्रेडच्या क्लबात तयार झाला. २०२३ चे विजेतेपद त्याने डेन्व्हरला मिळवून दिले. ज्यांनी तो घडवला त्यांच्याशी एकही सामना न खेळता डेन्व्हर जगज्जेते! जूनमधल्या अंतिम लढतीनंतर युरोपच्या विजेत्या क्लबाशी एक सामना ठेवावा. सामना त्यांच्या नियमाने चाळीस मिनिटांचा की यांच्या नियमाने अठ्ठेचाळीस, एवढाच वाद उरेल. त्याला नाणेफेक पुरेशी आहे.