‘किमान’ रोग म्हणजे किती?

तीव्र मायलॉइड ल्युकेमियासंबंधीच्या लेखनात एम.आर.डी. ही तीन अक्षरे वारंवार येतात. त्यातील ‘एम’ म्हणजे पूर्वी ‘मिनिमल’, म्हणजेच उपचारांनंतर उरलेला ‘किमान’ रोग. युरोपियन ल्युकेमिया नेटच्या २०१८ सालच्या मतैक्यपत्रात त्याच्या जोडीला ‘मेझरेबल’, म्हणजे मोजता येण्याजोगा, हा शब्द आला. हा बदल अत्यंत योग्य आहे. खेदाची गोष्ट एवढीच की शब्द बदलला तरी वाचण्याची सवय बदललेली नाही. अहवालात ‘नकारात्मक’ असे छापून आले की आपण ‘रोग गेला’ असे वाचतो.

थोडे गणित करू. निदानाच्या वेळी प्रौढ रुग्णाच्या शरीरात सुमारे १०१२, म्हणजे एक लाख कोटी रोगट पेशी असू शकतात. (येथे १०१२ म्हणजे दहाचा बारावा घात.) सूक्ष्मदर्शकाखाली अस्थिमज्जेतील अपक्व पेशी पाच टक्क्यांहून कमी दिसल्या आणि रक्तातील इतर पेशी पूर्ववत झाल्या, की डॉक्टर ‘पूर्ण उपशम’ म्हणतात. त्या वेळीही हजार कोटी पेशी लपलेल्या असू शकतात. दहा हजारांत एक पेशी ओळखणारी चाचणी वापरली आणि ती नकारात्मक आली, तरी दहा कोटींपर्यंत पेशी उरणे शक्य आहे.

दुसरी अडचण नमुन्याची. रोगट पेशी लाखात एक असेल आणि आपण बरोबर एक लाख पेशी तपासल्या, तर ती सापडलीच पाहिजे असे वाटते. प्रत्यक्षात एकही न सापडण्याची शक्यता ३७ टक्के असते. तीन लाख पेशी तपासल्या तर ती ५ टक्क्यांवर येते. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा: पिशवीत शंभरास एक या प्रमाणात रंगीत मणी मिसळावेत, प्रत्येक वेळी मणी परत टाकून शंभरदा काढावा. किती विद्यार्थ्यांच्या हाती एकही रंगीत मणी येत नाही, ते मोजावे.

आता मूलपेशी रोपणाकडे वळू. अमेरिकेतील सिॲटल येथील संशोधकांनी २०१६ साली ३५९ प्रौढ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. रोपणापूर्वी उपशम असून चाचणी नकारात्मक असलेल्यांपैकी तीन वर्षांनी ७३ टक्के हयात होते. उपशम असूनही चाचणी सकारात्मक असलेल्यांपैकी २६ टक्के. आणि उघड रोग असलेल्यांपैकी २३ टक्के. म्हणजे सूक्ष्मदर्शकाचा ‘उपशम’ दुसऱ्या गटाच्या फारसा उपयोगी पडला नाही.

हे आकडे महत्त्वाचे आहेत, पण त्यांवरून काढले जाणारे निष्कर्ष मला घाईचे वाटतात. ‘आधी आणखी औषधे देऊन चाचणी नकारात्मक करा, मग रोपण करा’ हे त्यांतून सिद्ध होत नाही. उरलेल्या पेशी ही मुळातच चिवट असलेल्या रोगाची खूणही असू शकते. तापमापी थंड पाण्यात बुडवून ताप उतरत नाही. ‘सकारात्मक, म्हणजे रोपण व्यर्थ’ हे तर त्याहून वाईट वाचन. चारांतला एक जण जगला आहे, आणि रोपण न करता त्यांचे काय झाले असते हे त्या तक्त्यात नाहीच.

ती तुलना २०२४ साली आलेल्या ब्रिटिश अभ्यासात मिळते. एन.पी.एम.१ जनुकात बदल असलेल्या रुग्णांत, औषधांच्या दोन फेऱ्यांनंतर चाचणी सकारात्मक असलेल्यांपैकी पहिल्या उपशमात रोपण झालेले ६१ टक्के तीन वर्षांनी हयात होते, न झालेले २४ टक्के. नकारात्मक गटात हेच आकडे ७९ आणि ८२. रोपण कोणाला द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरले नव्हते, हे मात्र विसरू नये. अमेरिकेत चिठ्ठ्या टाकून झालेल्या एका चाचणीत रोपणपूर्व औषधांचा मारा तीव्र की सौम्य, याची तुलना होती. साठवलेले रक्त नंतर तपासून २०२० साली निष्कर्ष आला: जनुकीय बदल सापडलेल्यांत तीव्र माऱ्यानंतर १९ टक्क्यांना रोग उलटला, सौम्य माऱ्यानंतर ६७ टक्क्यांना. बदल न सापडलेल्यांच्या आयुष्यात मात्र लक्षणीय फरक पडला नाही.

चाचणीचे खरे मोल येथे दिसते. रोपण स्वतःच काहींचा जीव घेते. ते कोणाला टाळता येईल, हे ती सुचवते. म्हणूनच ‘नकारात्मक’ या एका शब्दाचा अहवाल मला अपुरा वाटतो. किती पेशी तपासल्या आणि किती लाखांत एक शोधण्याची क्षमता होती, हे दोन आकडे त्याच ओळीत छापलेले असावेत.